चित्र बरोबर, रंग चुकलेला

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात जयंत पवारांचे 'अधांतर' शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, संपानंतर ही मुलं दिवसभर करायची काय?" नाटकातले मुलगे काय करतात हे तिने वाचलेले होते, तिला नाटकाबाहेरची मुले हवी होती. मी नेहमीचे उत्तर दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि रीतसर कधीच मागे न घेतला गेलेला संप, त्यात उतरलेले अडीच लाखांच्या आसपास कामगार, गावी परतलेली कुटुंबे, मागे राहिलेल्यांची नाक्यावर उभी राहणारी पोरे, टोळ्या, आणि व्हिडिओ गेमचे अड्डे. तास संपला. जिना उतरताना माझ्या लक्षात आले, की 'व्हिडिओ गेमचे अड्डे' हे शब्द उच्चारताना माझा आवाज किंचित खाली गेला होता.

त्या अड्ड्यांपैकी एक माझ्या थोरल्या भावाचा होता. लालबागला, आमच्याच चाळीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या गाळ्यात तो १९९० पासून २००० पर्यंत चालला. माझी शाळा, महाविद्यालय आणि एम. ए. या तिन्हींचा खर्च त्या गाळ्यातल्या नाण्यांच्या पेटीतून निघाला. ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नव्हती. लिहिली तर नव्हतीच. प्रस्तुत लेख त्या न लिहिण्याविषयी आहे, आणि एका जुन्या मॉनिटरच्या दुरुस्तीविषयीही. हे दोन विषय एकत्र का आले, ते दुरुस्तीच्या ओघात स्पष्ट व्हावे.

*

संप सुरू झाला तेव्हा दादा सातवीत होता आणि मी चार वर्षांचा. बाबा साचेखात्यात होते. दादा १९८५ साली दहावी झाला. एरवी बाबांच्या ओळखीने तो बदलीवर गिरणीत लागला असता आणि यथावकाश कायम झाला असता. पण तो रस्ता आता उरला नव्हता. मग कुणाच्या तरी शब्दाने त्याला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात चिकटवण्यात आले. गिरगावच्या कडेने जाणाऱ्या या रस्त्याचे पाटीवरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण कंडेन्सर नि ट्रान्झिस्टर घ्यायला मुंबईभरातून येणाऱ्या माणसाला ते नाव सांगितले तर तो बुचकळ्यात पडेल. पहिली दोन वर्षे दादाने तिथे झाडू मारला, चहा आणला आणि मिस्त्रींच्या खांद्यावरून पाहिले. योगायोग असा, की ज्या १९८२ साली गिरण्यांचे साचे थांबले त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. घरोघरी रंगीत संच येऊ लागले, आणि अर्थात बिघडूही लागले. गिरणीत न मिळालेले काम दादाला या बिघडलेल्या संचांनी दिले.

१९९० साली त्याने गाळा घेतला आणि दोन जुने गेम आणून उभे केले. प्लायवूडचे माणसाएवढे कपाट, त्यात वरच्या बाजूला तिरका बसवलेला मॉनिटर, पुढे दांडा आणि बटणे, खाली फळीवर गेमचा बोर्ड आणि कुलूप लावलेली नाण्यांची पेटी. हा मॉनिटर म्हणजे टीव्हीचाच भाऊ. त्याला हवेतले संकेत पकडणारा ट्यूनर नसतो. लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे संकेत त्याला गेमच्या बोर्डाकडून वेगवेगळ्या तारांनी थेट मिळतात. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला त्यात परके असे काही नव्हते. दोनाचे पुढे चार झाले. एका रुपयाला एक गेम. १९९३ साली कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आला, त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याच्या नावावरून पोरांनी त्याला 'मुस्तफा' म्हणायला सुरुवात केली, आणि त्या एका कपाटाने आमच्या घरावर बरेच उपकार केले. शाळा सुटली की मी गल्ल्यावर बसून नोटा मोडून देत असे. तिथेच गृहपाठ करत असे. मागे चार यंत्रांचे आवाज चालू असताना वाचण्याची सवय मला तिथे लागली, आणि ती पुढे फार उपयोगी पडली.

चाळीत या गाळ्याविषयी चांगले बोलले जात नसे. पोरे बिघडतात, घरातली चिल्लर चोरतात, असे लोक म्हणत. त्यात तथ्यही होते. मी महाविद्यालयात गेल्यावर तिथल्या मित्रांना भावाचा व्यवसाय 'इलेक्ट्रॉनिक्स' असा सांगू लागलो. २००४ साली एका दिवाळी अंकात गिरणगावावर माझा लेख आला. त्यात एक वाक्य होते: गिरण्यांचे भोंगे थांबले आणि कामगारांची पोरे व्हिडिओ गेमच्या अड्ड्यांवर वाया गेली. वाक्य लोकांना आवडले. एकदोघांनी ते पुढे आपल्या भाषणात घेतले. तेव्हा गाळा बंद होऊन चार वर्षे झाली होती. सायबर कॅफे आले, घरोघरी संगणक आले, आणि दादा पुन्हा टीव्हीच्या दुरुस्तीकडे वळला. पुढे सपाट पडदे आल्यावर कॅमेरे बसवण्याच्या कामाकडे.

*

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला. चाळ पुनर्विकासात जाणार होती, खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. "मास्तर, गाळ्याच्या पोटमाळ्यावर एक डबा राहिलाय. भंगारात देऊ?" वर्गातला तो प्रश्न अजून मनात होता. शिवाय आमच्या विभागातले विद्यार्थी गिरणगावावर एक छोटे प्रदर्शन मांडणार होते आणि वस्तू शोधत होते. मी म्हणालो, देऊ नकोस, मी नेतो. त्यावर तो म्हणाला, "मग चालू करून ने. बंद डबा दाखवून काय दाखवणार तू?"

त्यानंतरचे पाच-सहा रविवार मी दादरहून लालबागला जात राहिलो. दादाने मला हेल्पर म्हणून घेतले. पहिल्या रविवारी कपाटाची मागची फळी उघडली आणि त्याने मला हात लावू दिला नाही. चित्रनळीच्या पोटावर एक रबरी टोपी असते. तिच्याखालच्या जोडणीवर वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असतो, आणि यंत्र बंद केल्यावरही काचेत हा भार साठून राहू शकतो. दादाने स्क्रू-ड्रायव्हरच्या पात्याला तार बांधली, तिचे दुसरे टोक नळीच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या अर्थच्या वेणीला जोडले, एक हात पाठीमागे घेतला आणि पाते टोपीखाली सरकवले. काहीच झाले नाही. वीस वर्षांहून अधिक काळ पडून असलेल्या नळीत काय असणार, असे मी म्हणालो. "नसतंच. पण आहे असं समजूनच हात घालायचा," तो म्हणाला.

मग मॉनिटरची चासी बाहेर आली. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, झुरळांची अंडी, आणि सगळ्यावर प्लायवूडचा पिवळा भुसा. कंडेन्सर दिसायला ठीक होते, पण आत सुकलेले. ते सगळे बदलायचे ठरले. सोल्डरचे जुने डाग भिंगाखाली पाहिले तर जड भागांच्या पायांभोवती बारीक गोल भेगा दिसल्या. यंत्र रोज तापते, रोज निवते, आणि वर्षानुवर्षांच्या या आकुंचन-प्रसरणाने डाग आपल्या पायापासून सुटतो. मेकॅनिक त्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. वरून जोड शाबूत दिसतो, आत तो कधीच तुटलेला असतो. दादाने असे तीसेक डाग नव्याने दिले. त्याला आता चष्मा लागतो, हातही पूर्वीइतका स्थिर नाही. पण कथिल वितळून पायाभोवती चढले की तो जी एक हलकी फुंकर मारतो, ती तीच होती.

दुसऱ्या रविवारी वीज दिली. थेट मात्र नाही. शंभर वॉटचा दिवा सिरीजमध्ये लावून. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा पेटून राहतो आणि यंत्र वाचते. नसेल तर दिवा एकदा लखकन पेटून मंदावतो. आमचा दिवा मंदावला. पडद्यावर मात्र चित्राऐवजी मधोमध एक पांढरी आडवी रेघ आली. झोत डावीकडून उजवीकडे धावत होता, पण वरून खाली उतरत नव्हता. उभ्या विक्षेपणाच्या भागातला एक कंडेन्सर आमच्याकडून बदलायचा राहिला होता. तो बदलल्यावर रेघ उघडली, आणि तिसऱ्या रविवारी गेमचा बोर्ड जोडल्यावर चित्र आले. खरे सांगायचे तर माझ्या डोळ्यांत पाणी आले. दादा पुढे वाकून पडद्याचा कोपरा बघत होता. "जांभळं मारतंय," तो म्हणाला.

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात खरेच एक जांभळट डाग होता आणि वर डावीकडे हिरवट छटा. पिवळी टोपी त्या कोपऱ्यात गेली की तिचा रंग फिरे, बाहेर आली की पुन्हा पिवळी होई. टोपीचा आकार मात्र कुठेही बदलत नव्हता.

*

रंगीत नळीच्या आत, काचेच्या पडद्याच्या जरासे मागे, पातळ पोलादी पत्र्याची एक जाळी असते. तिला लाखो बारीक भोके असतात. पडद्याच्या आतल्या अंगाला लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाश देणाऱ्या द्रव्यांचे ठिपके असतात. नळीच्या मानेतून इलेक्ट्रॉनांचे तीन झोत निघतात आणि प्रत्येक झोत किंचित वेगळ्या कोनातून भोकात शिरतो. त्यामुळे लालसाठीचा झोत लाल ठिपक्यावरच पडतो, इतरांवर जाळीची सावली राहते. सगळी रंगव्यवस्था या कोनावर उभी आहे. आता जाळी पोलादाची असल्यामुळे तिला चुंबकत्व चिकटते. शेजारी लाउडस्पीकर ठेवला तर चिकटते. नुसते यंत्राचे तोंड फिरवले तरी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी तिचे नाते बदलते. मुंबईत हे क्षेत्र अर्ध्या गाउसपेक्षाही कमी आहे, होकायंत्राची सुई फिरवण्याइतपतच. पण झोताला तेवढे पुरते. तो केसभर ढळतो आणि शेजारच्या रंगाच्या ठिपक्यावर पडतो. आकृती जागच्या जागी राहते, कडा धारदार राहतात, अक्षरे वाचता येतात. रंग तेवढा खोटा होतो.

गाळ्याच्या दिवसांत हे दरवर्षी गणपतीत व्हायचे. मंडळाचे लाउडस्पीकर रात्री गाळ्यात ठेवायला देत आणि सकाळी चारही पडदे डाग पडल्यासारखे दिसत. दादाकडे तांब्याच्या तारेचे एक मोठे वेटोळे होते, टेपने गुंडाळलेले, थाळीएवढे. ते विजेला लावून तो पडद्यासमोर धरी आणि गोल गोल फिरवी. सगळे रंग खवळून उठत, भोवऱ्यासारखे फिरत. ते बघायला पोरे एक रुपयाही न देता गर्दी करत. मग तो वेटोळे तसेच चालू ठेवून सावकाश मागे मागे चालत गाळ्याच्या बाहेर जिन्यापर्यंत जाई, ते आडवे वळवी आणि मगच बटण बंद करी. पडद्याजवळ असतानाच बंद केले तर आधीचा डाग परवडला असा नवा डाग पडतो, हे त्याने मला तेव्हाच बजावले होते. याला 'डिगॉस मारणे' म्हणत. हा शब्द गाउस या जर्मन गणितज्ञाच्या नावावरून आला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी चुंबकीय सुरुंगांपासून जहाजे वाचवण्यासाठी ब्रिटिश नौदलात रूढ झाला, हे मला पुष्कळ नंतर कळले.

रंगीत टीव्हीत याची कायमची सोय असते: नळीच्या कडेने गुंडाळलेली कॉइल, जी यंत्र चालू करताच क्षणभर आपले काम करते. आमच्या या मॉनिटरमध्ये ती कधीच नव्हती. मी म्हणालो, प्रदर्शनात तू वेटोळे घेऊन येणार नाहीस. आपण कॉइल बसवू या. दादाला कल्पना पटली. आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी त्याने जिथे झाडू मारला, त्या जागी आता मोबाइलची कव्हरे मिळतात. कॉइल एका भंगारवाल्याकडे, मोडीत काढलेल्या टीव्हीची मिळाली. पॉझिस्टर मात्र एका जुन्या दुकानात डबे शोधून काढून द्यावा लागला. दुकानदाराने कौतुकाने विचारले, "अजून नळीवर काम करताय?"

सगळी युक्ती या पॉझिस्टरमध्ये आहे. थंड असताना तो विजेला जवळजवळ अडवत नाही. त्यामुळे बटण दाबताच कॉइलमधून काही अँपिअरचा प्रवाह धावतो, सेकंदाला पन्नास आवर्तनांनी दिशा बदलत. पण त्याच प्रवाहाने पॉझिस्टर तापतो, तापला की त्याचा विरोध कित्येक पटींनी वाढतो, आणि एक-दोन सेकंदांत प्रवाह ओसरत ओसरत नाममात्र उरतो. दादा गाळ्यातून जिन्यापर्यंत उलटे चालत जाऊन जे करी, तेच हे बोटाच्या पेराएवढे पेड जागच्या जागी करते. पुन्हा काम करण्यासाठी मात्र त्याला आधी थंड व्हावे लागते.

*

या काळात मी जमेल तसे चुंबकत्वाविषयी वाचत होतो आणि मुंबईचीच एक गोष्ट हाती लागली. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत असे. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची नोंद तिथे झालेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होते. संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ साली चुंबकीय मापनाचे काम अलिबागला नेले, चुंबकीय द्रव्य टाळून बांधलेल्या नव्या इमारतीत; नोंदींचा धागा तुटू नये म्हणून दोन वर्षे दोन्हीकडे मापन चालू ठेवले. १९०७ साली विजेची ट्राम धावू लागली. अलिबागची वेधशाळा आजही काम करते आहे.

मी ही गोष्ट उत्साहाने दादाला सांगितली. माझ्या मनात तिचा अर्थ तयार होता: नीट मोजायचे तर गलबल्यापासून दूर जावे लागते. मीही लालबाग सोडून दादरला गेलो, तीन-चार किलोमीटरच, आणि तिथून लालबागवर लिहिले. दादा नळीच्या कडेने कॉइल बांधत होता. तो म्हणाला, "त्यांचं ठीक आहे. ते मोजायला बसले होते. डब्याला कुठे अलिबागला जाता येतं?"

मग मी त्याला विचारले, की डिगॉस मारल्यावर जाळीतले चुंबकत्व शून्य होते का. इतकी वर्षे मी असेच धरून चाललो होतो, की हे एक प्रकारचे पुसणे आहे. तो म्हणाला, "पुसलं जात नाही. हलवून हलवून जागेवर बसवतात." मी पुस्तकात पाहिले, तो म्हणत होता ते बरोबर होते. उलटसुलट प्रवाहाच्या झटक्यांनी जाळीतला जुना कल मोडतो. प्रत्येक झटका आधीच्यापेक्षा थोडा लहान, आणि या ओसरण्यात जाळी अखेर ज्या स्थितीत येते ती भोवतालच्या क्षेत्राने ठरते: ती जिथे उभी आहे तिथल्या पृथ्वीच्या ओढीला आतल्या आत तोडीस तोड अशी. म्हणूनच यंत्राचे तोंड फिरवले की ते पुन्हा करावे लागते. एकदा करून कायमचे सुटता येत नाही.

थोड्या वेळाने, मान वर न करता, तो म्हणाला, "तुझ्या त्या लेखात एक वाक्य होतं. पोरं वाया गेली म्हणून."

मी गप्प राहिलो. त्याने ते वाचले असेल असे मला वीस वर्षांत वाटले नव्हते. किंवा वाटले असेल, पण मी ते तपासले नव्हते.

"चूक नाही ते," तो म्हणाला. "काही गेलीच. माझ्याच गाळ्यातली दोन गेली, तुलाही माहीत आहे. पण बाकीची? चार वाजता यायची, आयांनी हाका मारल्या की जायची. भर उन्हात हायवेवर भटकण्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर होती. एक एसटीत आहे, एक बँकेत, एक माझ्यासोबत कॅमेरे लावतो. वाया गेली म्हणायला मोजली होतीस का तू?" आणि लगेच, "ती टेप दे इकडे."

मी टेप दिली. त्याने कॉइल चार ठिकाणी बांधली, तारा मेनच्या बाजूला, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे घेतल्या, कारण सुरुवातीचा तो धक्का छोट्या ट्रान्सफॉर्मरला झेपणार नाही. आणि कॉइलला स्वतंत्र फ्यूज दिला. हे सगळे तो मला समजावून सांगत होता. वाक्याचा विषय त्याच्यापुरता संपला होता.

*

माझ्यापुरता तो संपला नाही. मी घरी येऊन तो दिवाळी अंक काढून वाचला. लेखातल्या तारखा बरोबर होत्या, आकडे बरोबर होते, गल्ल्यांची वर्णने अजूनही बरी वाटली. गाळ्याचे वर्णनही होते: अंधार, गर्दी, यंत्रांचा कलकलाट. मी त्या गाळ्यात दहा वर्षे बसलो होतो, त्यामुळे तपशील चुकणे शक्यच नव्हते. पण तो गाळा दारातून, बाहेर उभ्या असलेल्या माणसाने पाहावा तसा आला होता. गल्ल्यावर गृहपाठ करत बसलेला मुलगा त्यात नव्हता. दादा नव्हता. आकृतीत एकही रेघ चुकलेली नव्हती आणि रंग सगळा लाजेचा होता. ही लाज माझ्या इतकी निकट होती, की ती वाक्यांना वळवते आहे हे मला लिहिताना जाणवणे शक्य नव्हते. लेखाला दाद देणाऱ्यांनाही ते जाणवले नाही. कारण कष्टकरी वस्तीविषयीचे साहित्य शिकता-शिकवताना 'वाया गेलेली पोरे' हा रंग आपल्या डोळ्यांना सवयीचा झालेला असतो. साहित्याच्या अभ्यासात आपण लेखकाला तपशिलाच्या खरेपणाचे गुण देतो. तपशील खरा असून छटा खोटी असू शकते, हे पकडायला आपल्याजवळ फारशी साधने नाहीत. अनेकदा ते त्या तपशिलात राहिलेल्या माणसालाच दिसते, आणि तो बहुधा आपले लेख वाचून काही बोलत नाही.

आता उलट्या बाजूचा धोकाही मला दिसतो. सध्या जुन्या गेमांविषयी गोड आठवणींचे पीक आले आहे, आणि दादाच्या गाळ्याला त्यात सहज जागा मिळेल. हा लेखही तिकडे झुकू शकतो. चोरलेली चिल्लर, शाळा बुडवणारी मुले, ती दोन गेलेली पोरे यांना वगळून उरलेल्यावर गुलाबी छटा चढवणे म्हणजे दुसऱ्या बाजूने लावलेले चुंबक. पुन्हा, एका कबुलीजबाबात सगळे फेडून मोकळे व्हावे, हा मोहही मला होतोच आहे. पण तेही पडद्याजवळ असतानाच बटण बंद करण्यासारखे होईल. इकडून तिकडे जाणे थोडे थोडे कमी करत, हात चालू ठेवून, मागे सरत राहणे एवढेच बहुधा करता येते.

पाचव्या रविवारी आम्ही यंत्र थेट मेनवर लावले. सिरीजचा दिवा काढावाच लागतो, नाहीतर कॉइलला लागणारा प्रवाह तो देत नाही. दादाने बटण दाबले. आतून 'धुम्म' असा एक दबका आवाज आला, कपाट अंगभर थरथरल्यासारखे झाले, आणि मग शांत. पडदा काळाच होता. नळी तापून चित्र यायला काही सेकंद लागतात; तोवर जाळीचे काम उरकलेलेही असते. वेटोळ्याच्या दिवसांत रंगांचा जो भोवरा पोरे पाहत, तो आता कुणालाच दिसत नाही. चित्र आले तेव्हा कोपऱ्यातला जांभळा डाग गेला होता. पिवळी टोपी या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी होती.

एक गोष्ट मात्र गेली नाही. चित्र गडद झाले की पडद्याच्या तळाशी 'इन्सर्ट कॉइन' ही अक्षरे पुसट दिसत. यंत्र बंद असतानाही, उजेड तिरका पडला की. दहा वर्षे त्याच जागी तीच अक्षरे चमकत राहिल्याने तिथले द्रव्य झिजले आहे. मी विचारले, याला काही करता येईल का. दादाने मान हलवली. "तो डाग नाही. ती झीज आहे. नळी बदलली तरच जाईल, आणि तशी नळी आता बनतच नाही."

प्रदर्शनासाठी मी एक पाटी लिहिली. व्हिडिओ गेम, लालबाग, १९९० ते २०००, दुरुस्ती मालकाकडून, याच्या मिळकतीवर एका गिरणी कामगाराचे घर चालले आणि एका मुलाचे एम. ए. झाले, याच्यासमोर उभे राहणाऱ्या मुलांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. कपाट टेम्पोत चढवण्याआधी मी ती दादाला वाचायला दिली. त्याने चष्मा लावून ती दोनदा वाचली. मुलांविषयीच्या ओळीवर तो थोडा थांबला असे मला वाटले.

मग म्हणाला, "खाली अजून एक लिही. जागेवरून हलवलात किंवा तोंड फिरवलंत, तर बंद करून अर्धा तास थांबा. थंड होऊ दे. मग परत चालू करा."